लाभाची पायली

एका गावात एक कोठार होतं आणि त्या कोठाराला कुलूप नव्हतं. आजच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, पण त्या गावाला कुलूप ही वस्तूच ठाऊक नव्हती. गाव नदीला अगदी खेटून होतं. घरांच्या भिंतींना ओल यायची आणि ओलीत ठेवलेल्या जोंधळ्याला हमखास कीड लागायची. म्हणून मळणी झाली की पावसाळ्यापुरता घरात ठेवून बाकीचा जोंधळा प्रत्येक जण टेकडीवरच्या कोठारात नेऊन टाकायचा, आणि दसरा झाला की जितका टाकला तितका मोजून परत आणायचा. साऱ्या गावाचा जोंधळा एकाच ढिगात. त्यातला माझा दाणा कुठला आणि तुझा कुठला, असं कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं.

टाकताना आणि काढताना मोजायचं काम हिरू मापारणीचं. सगळ्या गावाचं धान्य मापून देतो तो मापारी. हिरूचा नवरा मापारी होता. तो वारला तेव्हा त्याची पितळी पायली तिच्या हातात आली आणि कोठाराला लागून असलेली खोली तिच्याकडे राहिली. ज्याचं धान्य मोजायचं त्याने तिला एक ओंजळ जोंधळा द्यायचा, असा रिवाज होता. त्या ओंजळींवर हिरू आणि तिची लेक चिमी, दोघींचं पोट चालायचं.

मोजण्याच्या बाबतीत गावात दोन रीती होत्या. त्या कुणी घालून दिल्या ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणात नव्हती. पहिली रीत अशी, की आपलं धान्य आपल्या हाताने मोजायचं नाही. मोजलं की त्यातली बरकत जाते. घरोघरी पायली असायची, पण ती जात्यापाशी दळणाचं धान्य काढायला. मोजायचं ते मापारणीनेच.

दुसरी रीत अशी, की मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. एक म्हणजे एकटा, आणि एकट्याची वाढ होत नाही, अशी जुन्या माणसांची समजूत. म्हणून हिरू पहिली पायली ओतताना म्हणायची 'लाभ', दुसरी ओतताना 'दोन', तिसरी ओतताना 'तीन', आणि तिथून पुढे सरळ. तिचा आवाज गोड होता. मोजणी कशी गाण्यासारखी चालायची. लोक तेवढ्यात तंबाखू मळून घ्यायचे, सोयरिकीच्या गप्पा मारायचे. सुरुवात कुणी ऐकायचंच नाही. सगळ्यांचे कान शेवटच्या आकड्याला. शेवटी 'वीस' असं ऐकू आलं की वीस पायल्या घेऊन माणूस टेकडी उतरायचा.

याच गावात कोंडाजी नावाचा एक शेतकरी राहायचा. तो वाईट माणूस नव्हता. अडलेल्याच्या मदतीला धावून जायचा, पण धावता धावता मागे वळून बघायचा, की आपण नसताना घरात कुणी शिरत तर नाही ना. म्हशीने दूध कमी दिलं तर त्याला वाटायचं, ही रेडकाला चोरून पाजते. बायकोने चांगला स्वयंपाक केला तर त्याला वाटायचं, हिचं काहीतरी मागणं आहे. अशा माणसाशी संसार करणाऱ्या त्याच्या बायकोचं नाव वेणू. ती सगळं ऐकून घ्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

त्या वर्षी दसरा झाल्यावर कोंडाजीने आपल्या वीस पायल्या घरी आणल्या. टेकडी उतरताना त्याला पोतं हलकं वाटलं. दसऱ्याच्या चार दिवसांत त्याने पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या आणि निवांत झोप काढली होती. पोतं हलकं वाटणारच. पण हे त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात हिरू आली.

घरी पोचल्या पोचल्या तो म्हणाला, "वेणू, दार लाव."

"भर दुपारचं?"

"लाव म्हटलं ना! आणि खिडकी बी."

वेणूने दार लावलं. कोंडाजीने घोंगडी पसरली, जात्याजवळची पायली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं धान्य आपल्या हाताने मोजायला बसला. एक रीत तर मोडली होती. म्हणून त्याने दुसरी रीत तरी काटेकोर पाळायची ठरवली. पहिली पायली भरून घोंगडीवर ओतली आणि भक्तिभावाने म्हणाला, "लाभ." मग कपाळाला हात लावला. देवाचं नाव घेऊन झालं, असं त्याला वाटलं. मग दुसरी पायली ओतली आणि म्हणाला, "एक." तिसरी ओतली. "दोन."

असं करत करत पोतं रिकामं झालं तेव्हा त्याच्या तोंडात 'एकोणीस' हा आकडा होता.

कोंडाजी बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिला. त्याला राग आला होता हे खरं, पण आतून कुठेतरी समाधानही वाटत होतं. इतकी वर्षं त्याने ज्या ज्या गोष्टीचा संशय घेतला त्यातलं काहीच खरं निघालं नव्हतं. आज निघालं.

"चोर हाय ती," तो म्हणाला. "एक पायली खाल्ली माझी."

"हिरू?" वेणू म्हणाली. "काहीतरीच! पुन्हा मोजा बघू."

त्याने पुन्हा मोजलं. लाभ, एक, दोन... पुन्हा एकोणीस. चुकीच्या वाटेने तुम्ही कितीही वेळा गेलात तरी त्याच ठिकाणी पोचणार. कोंडाजीला मात्र खात्री पटली. त्याने जोंधळा पोत्यात भरला, तोंडाला गाठीवर गाठ मारली आणि वेणूला बजावलं, "याला हात लावायचा न्हाई. पुरावा हाय हा."

"मग पोरांना खायला काय घालू?"

"जुना हाय की."

जुन्याला कीड लागली होती. वेणू तो निवडत बसली आणि कोंडाजी शेजाऱ्याकडे गेला.

शेजाऱ्याच्या कानाशी लागून त्याने सगळं सांगितलं. शेजाऱ्याला आधी पटेना. मग कोंडाजी म्हणाला, "मोजून तर बघा. दार लावून. आधी लाभ म्हणून एक पायली ओतायची, मग एकापासनं मोजायला लागायचं." शेजाऱ्याने कधी स्वतः मोजलेलं नव्हतं. त्याने सांगितलं तसंच केलं. एक कमी! त्याने आपल्या मेहुण्याला सांगितलं, मेहुण्याने चुलत्याला. संशय पुढे गेला तशी मोजायची पद्धतही त्याच्याबरोबर गेली. प्रत्येक जण दार-खिडकी लावून हळू आवाजात मोजायचा, कारण रीत मोडल्याचं कुणाला कळायला नको होतं. एकाचं मोजणं दुसऱ्याच्या कानावर पडलं असतं, तर तिथल्या तिथे कुणी ना कुणी हसलं असतं. पण दारं बंद होती.

गावाला आता काही सुचेना. सगळ्यांत जास्त भीती वाटली ती या गोष्टीची, की कुणाचं दोन कमी नाही, कुणाचं तीन कमी नाही. घरटी एक. बरोबर एक!

"काय बेरकी बाई हाय!" लोक म्हणू लागले. "जास्त घेतलं तर कळंल, म्हणून एकेकच काढती."

खरं म्हणजे सगळ्यांचं नेमकं सारखंच कमी पडतंय म्हटल्यावर शंका मोजणीची यायला हवी होती. पण माणसाने एकदा चोर ठरवला की त्याला फक्त चोरी कशी केली असेल एवढंच सुचतं. एक म्हणाला, तिच्या पायलीला दुहेरी बूड आहे. दुसरा म्हणाला, तिच्या बोटांत कसब आहे. चिमीच्या अंगात लाल पोलकं दिसलं. ते तिच्या वडिलांच्या जुन्या मुंडाशाचं होतं, आणि ते मुंडासं साऱ्या गावाने वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. तरी बायका म्हणाल्या, "नवं कापड! कुठनं आलं?" हिरूच्या कोंबड्यासुद्धा लोकांना जाड दिसायला लागल्या. नदीवर हिरू धुणं घेऊन आली की बायका आपली भांडी जवळ ओढून घ्यायच्या.

त्या गावात एक पंतोजी होते. आपल्या पडवीत ते मुलांना उजळणी शिकवायचे. चिंचोके मांडून एक, दोन, तीन म्हणायला लावायचे. चिमीही त्यांच्याकडे जायची आणि पहिल्या ओळीत बसायची. शिकवण्याबद्दल गाव त्यांना वर्षाला कोठारातून, हिरूच्याच हातून मोजून, बारा पायल्या जोंधळा द्यायचं.

कोंडाजीची कुजबुज पंतोजींच्याही कानावर आली. त्यांनीही दार लावून मोजलं. पण ते मोजण्यातलेच माणूस. पहिली पायली ओतताना 'लाभ' म्हणाले, दुसरी ओतताना 'दोन'. शेवटी बारा. पुरे बारा! त्यांनी पुन्हा मोजलं. बारा. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपलं पुरं भरतंय म्हणजे हिरू चोर नाही. कुणाची तरी मोजण्यात चूक होते आहे. हे सांगायला ते तरातरा बाहेर पडले.

गावच्या पारावर माणसं बसली होती. सगळ्यांचे चेहरे ताणलेले. पंतोजी दिसताच कोंडाजीने विचारलं, "काय पंतोजी, तुमचं किती कमी?"

तेवढ्यात सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे बघितलं. पंतोजींच्या मनात आलं, सगळ्यांचं कमी आणि माझं एकट्याचं पुरं, असं म्हणालो तर हे काय म्हणतील? म्हणतील, यांचंच तेवढं पुरं कसं? तिची पोर यांच्याकडे शिकते, यांचं नि तिचं काहीतरी साटंलोटं आहे. 

"एक," पंतोजी म्हणाले.

मला इथे पंतोजींचा राग येतो. कोंडाजीचा इतका येत नाही. कोंडाजीने जे चुकीचं मोजलं तेच सांगितलं. पंतोजींनी बरोबर मोजलं आणि चुकीचं सांगितलं. पण त्या पारावर आपण असतो तर आपण काय म्हणालो असतो, हेही ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

हिरूला हे सगळं उशिरा कळलं, ज्याच्यावर संशय असतो त्याला कळतं तसं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. चिमी रडत घरी आली. तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. मग एका म्हातारीने, दया येऊन, हिरूला खरं काय ते सांगितलं.

हिरू आधी संतापली. मग घाबरली. आणि मग तिला स्वतःचाच संशय यायला लागला. साऱ्या गावाचं एकेक कमी पडतंय, सगळे काही खोटं बोलणार नाहीत, मग आपलाच हात चुकतो की काय? तिने पायली उलटी करून बघितली, बुडावर टिचकी मारून बघितली. रिकाम्या पायलीनेच हवा ओतत लाभ, दोन, तीन असं म्हणून बघितलं. नवऱ्याने जसं शिकवलं तसंच ती मोजत होती. ते बरोबर का, हे मात्र तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटी ती पंतोजींच्या पडवीशी आली.

"पंतोजी, मला मोजायला येतं न्हवं बरोबर? जरा ऐका की."

तिने लाभपासून म्हणून दाखवलं. कुठेही चुकलं नाही. पंतोजी खाली मान घालून ऐकत होते.

"बरोबर हाय का?" तिने विचारलं.

"गाव म्हणतंय म्हणजे काहीतरी असेल," पंतोजी म्हणाले. "बघू."

हिरू परत गेली.

पुढे एके दिवशी सकाळी पारावर सभा भरली. बायका, माणसं, पोरं, सगळं गाव आलं होतं. पाटील म्हणाले, "हिरू, तुझ्यावर कुणाचा राग न्हाई. पण घरटी एक पायली कमी भरलीय. आता पायली गावाच्या स्वाधीन कर, खोली रिकामी कर आणि दुसरं गाव बघ."

दुसरं गाव कुठलं बघणार? तिला माहेर उरलं नव्हतं. आणि चोर म्हणून वेशीबाहेर काढलेल्या मापारणीच्या हातात कुठलं गाव पायली देणार? हे तिलाही कळत होतं आणि पाटलांनाही.

हिरूने पायली पाराच्या कट्ट्यावर ठेवली. 

"माझा हात चुकत असंल तर मला दाखवा. मी आपण होऊन जाईन. पण चोर म्हणून न्हाई जायची. एकदा सगळ्यांसमोर मोजा, आणि मला बघू द्या."

पाटलांना ते पटलं. कोंडाजीचं गाठी मारलेलं पोतं तयारच होतं. पण मोजायचं कुणी? आपण रीत मोडली हे चारचौघांत कोण दाखवणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी पाटील म्हणाले, "पंतोजी, आकडे तुमच्या घरचे. तुम्हीच मोजा."

पंतोजी उठले.  खरं मोजलं तर वीस भरणार, आणि आपण पारावर खोटं बोललो हे उघडं पडणार. मधला एखादा आकडा हळूच दोनदा म्हटला तर एकोणीस भरतील आणि गाव खूश होईल. ते अवघड नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. घोंगडी अंथरली गेली. त्यांनी पायली भरली.

तेवढ्यात त्यांची नजर पुढे बसलेल्या पोरांवर गेली. त्यांच्याच पडवीतली पोरं. पंतोजी मोजायला उभे राहिलेले बघून सवयीने सगळ्यांचे ओठ तयार होते. पंतोजी म्हणतील ते त्यांच्या मागून म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांत चिमीही होती. रडून डोळे सुजलेले, पण ओठ तयार.

पंतोजींनी पायली ओतली. "लाभ," ते म्हणाले. "दोन. तीन." पोरं मागून म्हणत होती. आवाज चढत गेला. पोतं झटकलं तेव्हा पंतोजी म्हणाले, "वीस," आणि पोरं म्हणाली, "वीस!"

हिरूने डोळ्यांना पदर लावला. पण कोंडाजी ताडकन उठला.

"थांबा! यांनी एक गिळला! लाभ म्हणाले आणि एकदम दोन? एक कुठं गेला? सगळ्यांनी ऐकलं न्हवं?"

गलका झाला. आता सगळ्यांच्याच लक्षात आलं. खरंच की, एक कुठे गेला? "सामील हाय हा तिला!" कुणीतरी ओरडलं. पंतोजींना ज्याची भीती वाटत होती तेच त्यांच्या अंगावर आलं. पण एकदा खरं मोजून झाल्यावर त्यांची भीती थोडी कमी झाली होती. ते म्हणाले, "कोंडाजी, मग तुम्हीच मोजा."

"मोजतो की!"

"फक्त एक करा. एक पायली ओतली की एक चिंचोका या कट्ट्यावर ठेवायचा. दर पायलीला एक. चिंचोके मी ठेवू, की पाटलांनी ठेवावेत?"

"कुणी न्हाई ठेवायचे," कोंडाजी म्हणाला. "मी कुणाच्या हातावर इश्वास ठेवणार न्हाई. माझे मी ठेवीन."

"उत्तम," पंतोजी म्हणाले आणि पोरांकडचा चिंचोक्यांचा बटवा त्याला दिला.

जोंधळा पुन्हा पोत्यात भरला. कोंडाजीने पायली ओतली, "लाभ" म्हणाला, कपाळाला हात लावला आणि कट्ट्यावर चिंचोका ठेवला. दुसरी ओतली, "एक", चिंचोका. तिसरी, "दोन", चिंचोका. आज सारं गाव सुरुवातीपासून ऐकत होतं. शेवटी पोतं रिकामं झालं आणि कोंडाजी गरजला, "एकोणीस! बघा! झालं समाधान?"

"आता चिंचोके मोजा," पंतोजी म्हणाले.

"त्यांचं काय मोजायचं?"

"मोजा तर. आणि त्यांनाही लाभ म्हणायचं का?"

"चिंचोक्याला कशाला लाभ? ते काय धान्य हाय?" असं म्हणून कोंडाजी एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत मोजायला लागला. "एक, दोन, तीन..." शेवटच्या चिंचोक्यावर बोट आलं तेव्हा त्याचं तोंड उघडं राहिलं. पण आकडा आधीच बाहेर पडला होता.

"वीस."

 कोंडाजीने गर्रकन मागे बघितलं, कुणी चिंचोका सरकवला की काय. मागे कुणी नव्हतं. बटव्यात बघितलं, मग स्वतःच्या मुठी उघडून बघितल्या. चिंचोके त्याने स्वतः ठेवले होते. संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता.

पंतोजींनी पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. "हा कधी ठेवलात?"

"लाभच्या पायलीला."

"त्या पायलीत दाणे होते?"

"होते की. काठोकाठ."

"कुठे गेले ते?"

"ढिगात..." कोंडाजी ढिगाकडे बघू लागला. "पण लाभ म्हंजे... ते तर देवाचं नाव. मोजणं एकापासनं चालू होतं न्हवं?"

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून वेणू पुढे आली. किडका जोंधळा निवडून निवडून ती कंटाळली होती.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या थोरल्याला सगळी दादा म्हणतात. नावानं कुणीच हाक मारत न्हाई. म्हणून काय तो पोरांत धरायचा न्हाई? जेवायला वाढताना त्याचं ताट मांडायचं न्हाई?"

आधी एक म्हातारा हसला, मग दुसरा. मग हसू थांबलं, कारण प्रत्येकाला आपापलं बंद दार आठवलं. पहिल्या पायलीला लाभ म्हणा, दादा म्हणा, हवं ते म्हणा. ती पायली ओतली म्हणजे ती मोजणीत आलीच, हे आता पोरासोरांनाही दिसत होतं. जोंधळा कमी नव्हता, पहिली पायली धरायची राहिली होती. घरटी एक.

कोंडाजी हिरूसमोर आला.  "मापारीणबाई," तो म्हणाला, "चूक माझी हाय. मीच सुरू केलं हे. मला मोजायला येत न्हवतं आणि मी साऱ्या गावाला शिकवीत सुटलो." त्याने खाली वाकून तिची पायली उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. पाटलांनीही मान खाली घातली.

हिरूने पायली लगेच घेतली नाही. ती पंतोजींकडे बघत होती.

"पंतोजी, तुमच्या घरी बी एक कमी भरलं होतं, असं म्हणाला होता तुम्ही."

पंतोजींना 'माझंही असंच चुकलं' म्हणता आलं असतं. सगळ्यांचंच चुकलं होतं, त्यात त्यांचंही खपून गेलं असतं. 

"नाही," ते म्हणाले. "माझं पुरं भरलं होतं."

"कधी मोजलं होतं?"

"पारावर बोललो त्याच्या आधी."

"म्हणजे मी तुमच्याकडं आले तेव्हा..."

"तेव्हा मला ठाऊक होतं."

 हिरूने कोंडाजीच्या हातातून पायली घेतली आणि चिमीचा हात धरला.

"कोंडाजीभावजींना मोजता येत न्हवतं," ती म्हणाली. "तुम्हाला येत होतं."

एवढंच बोलून ती टेकडीकडे चालू लागली. पंतोजी माणसं उठून गेल्यावरही कट्ट्यावर बसून होते. पोरांनी आपले चिंचोके वेचून बटव्यात भरले, आणि भरताना मोठ्याने मोजले.

तात्पर्य एवढंच: मोजताना पहिल्याला नाव काहीही द्या, पण त्याला धरायला विसरू नका, आणि मोजून जेवढं भरलं तेवढंच सांगा, मग सारं गाव एक कमी म्हणत असलं तरी.